आधी उतरायला शिका: पोल सुरू करणाऱ्यांसाठी

ठाण्यात नौपाड्याला माझं ब्लाउज शिवायचं काम आहे. पुढच्या खोलीत दोन मशीन, एक ओव्हरलॉक आणि लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत जळणारी ट्यूबलाइट. वीसेक वर्षं मान खाली घालून बसल्यावर माझा उजवा खांदा असा आखडला, की फळीवरचा अस्तराचा गठ्ठा काढायला मुलीला हाक मारावी लागायची. फिजिओथेरपीत जे व्यायाम मिळाले त्यात शेवटी शेवटी एक होता दारातल्या बारला नुसतं लटकण्याचा. तो मला मनापासून आवडला. पुढे एका गिऱ्हाइकाने माप देता देता सांगितलं, की ती वाशीला पोल, म्हणजे धातूच्या उभ्या खांबावर चढण्या-फिरण्याचा व्यायाम, शिकायला जाते. 2022 च्या जूनमध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी तिच्याबरोबर गेले. अजून जाते, आठवड्यातून दोनदा, ट्रान्स-हार्बर लोकलने.

तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका माझे दंड बघतात आणि विचारतात: मला जमेल का, वजन जास्त आहे तर चालेल का, पडले तर काय, पाय उघडे टाकावे लागतात का. हातात टेप धरून प्रत्येकीला सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करते. अण्णा साताऱ्याला असतात. तरुणपणी त्यांनी तालमीत मल्लखांब केला. पहिल्या महिन्यात मी त्यांना फोनवर सांगितलं, की मी असं असं शिकतेय. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खांब केवढा जाड?" मी म्हटलं, 45 मिलिमीटर, स्टीलचा, वरपासून खालपर्यंत सारखा. "तेल?" तेल नाही, कोरडा. "मग तुमची सगळी पकड कातडीवर. अगं, आधी उतरायला शीक. चढतं कोणीही."

पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं या एका वाक्याभोवती फिरतं.

नावाबद्दल एकदाच

पोल डान्स म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक विचार येऊन जातो. आपल्या ठाणे-पनवेल पट्ट्यात तर डान्सबार, 2005 ची बंदी, मग कोर्टकचेऱ्या हे सगळं लोकांनी जवळून पाहिलंय. या प्रकाराचं आजचं रूप क्लबमधल्या नाचातूनच आलं, हे खरं आहे आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही. ज्या बायकांनी पोटासाठी हे केलं त्यांच्याच अंगमेहनतीतून यातल्या कितीतरी गिरक्या आणि पकडी घडल्या. त्यांना नावं ठेवून मी माझा व्यायाम शुद्ध करून घेणार नाही. 2009 मध्ये याच्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, 2012 पासून तिच्या जागतिक स्पर्धा होतात, त्यात मुलं, पुरुष, पन्नाशीच्या पुढचे लोकही उतरतात.

आणि खांबावर चढणं आपल्याला नवं थोडंच आहे? पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, तो महाराष्ट्राच्या तालमी-तालमींतून आजपर्यंत चालत आला. 2019 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली जागतिक स्पर्धा दादरला शिवाजी पार्कवर झाली. पुरलेल्या मल्लखांबावर आणि दोरीवर मुली काय काय करतात ते एकदा बघून या. माझ्या सासूबाईंना मी तेच दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मग जा की. पण येताना अंधार करू नको."

दोन्हींत एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा, खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा, आणि त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग जास्त घासून अडत नाही. आपला पोल धातूचा आणि बारीक. इथे तेलाचा एक थेंबसुद्धा वैरी. लहानपणी अण्णांच्या हातांना एरंडेलाचा वास यायचा. आमच्या क्लासमध्ये स्पिरिटचा येतो.

क्लास कसा बघायचा

ठाणे आणि नवी मुंबईत शोधलंत तर पोलचे क्लास थोडे सापडतील, झुंबाइतके नाहीत. त्यामुळे जवळचा म्हणून कुठलाही पकडायचा मोह होतो. मला झाला होता. वाशी लांब पडतं म्हणून दुसऱ्याच महिन्यात मी घराजवळ एके ठिकाणी नाव घातलं. तिथे दुसऱ्या दिवशी आम्हाला उलटं करायला लावलं, म्हणजे डोकं खाली, पाय वर. शिकवणाऱ्या बाईंनी कमरेला धरून मला वर ढकललं, फोटो काढला आणि त्या शेजारच्या पोलकडे वळल्या. खाली कसं यायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी हात सोडला तो उजव्या खांद्यावर आले. खाली पातळ योगा मॅट होती. सहा आठवडे मशीनवर बसता आलं नाही, दिवाळीच्या तोंडावरची कामं परत करावी लागली. ज्या बायकांचे ब्लाउज मी कापून ठेवले होते त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

म्हणून पैसे भरायच्या आधी एक तास नुसतं बसून बघा. बघू देत नसतील तर उठून या. शिकवणारी नवीन मुलींना काही करायला लावण्याआधी त्यातून बाहेर कसं यायचं ते दाखवते का, एवढं एक बघितलंत तरी पुष्कळ कळेल. मग पोलला हात लावून जोरात हलवा, वर छताशी आणि खाली जमिनीशी तो जराही डुगडुगता कामा नये. दहा-बारा सेंटिमीटर जाडीची गोल गादी आहे का, तिला क्रॅश मॅट म्हणतात, आणि ती खरंच वापरतात की कोपऱ्यात उभी आहे? एका पोलवर दोघी चालतात, चौघी असतील तर तासातला बहुतेक वेळ भिंतीला टेकण्यात जाईल. अंग गरम करायला किमान पंधरा मिनिटं देतात ना? तीन महिन्यांचं पॅकेज पहिल्या दिवशी घेऊ नका, एकेका तासाचे पैसे देऊन तीन-चार तास करा, थोडे जास्त गेले तरी.

रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, मणक्याची गादी सरकलेली, हाडं ठिसूळ झालेली, गरोदरपण, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिकवणाऱ्यांनाही सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही, कारण इथे काळेनिळे डाग पडतातच. वजनाचं म्हणाल तर माझं तेव्हा 71 किलो होतं. वजन अडत नाही. घाई अडते.

कपडे: माझा विषय

पाय उघडे का टाकायचे याचं उत्तर अण्णांनी दिलंच आहे. धातूवर कापड सटकतं, कातडी धरते. लेगिंग घालून चढायला जाल तर तुम्ही घसरून खाली याल, आणि तो धोका लाजेपेक्षा मोठा आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशी गुडघ्याच्या वर लुगडं खोचून उभ्या जन्माचं काम करतात, त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही. कामाला जे लागतं ते अंगावर असतं.

तरी पहिल्या दिवशी एकदम तोकडं घालायची जरुरी नाही. पहिले दोन-तीन आठवडे गुडघ्याच्या वर जाणारी कुठलीही चड्डी आणि बिनबाह्यांचा बनियन चालतो. चढायला आणि बसायला लागलात की मांडीची आतली बाजू मोकळी लागते. काखेची आणि कमरेची कातडी त्याही नंतर.

बाजारातल्या तयार शॉर्ट्समध्ये मला एक खोट सापडली आणि ती मी स्वतः शिवून काढली. त्यांची शिवण मांडीच्या आतल्या बाजूने सरळ खाली येते. दुकानात उभं राहून घालून बघाल तर काही कळत नाही. पण पोलवर बसल्यावर नेमका तिथे सगळा भार येतो आणि ती शिवण कातडीत रुतते. मी दोन पायांच्या मधे चौकोनी तुकडा घालते, पतंगासारखा तिरका, म्हणजे शिवण पुढे आणि मागे विभागली जाते आणि दाबाच्या जागी सपाट कापड राहतं. पायाच्या घेराला इलॅस्टिक घालत नाही, ते रक्त अडवतं आणि मांडीला वळ पाडतं. नुसती दुहेरी पट्टी दुमडते. कापड चारी बाजूंनी ताणणारं नायलॉन-लायक्रा घ्या. कॉटन-लायक्रा घामाने जड होऊन लोंबतं. सुई बॉलपॉइंट, टाका झिगझॅग, नाहीतर पहिल्याच गिरकीला टाके तुटतील. कंबर बेंबीच्या वर ठेवा. शेजारच्या टेलरला हे एवढं वाचून दाखवलंत तर तो शिवून देईल.

क्लासच्या दिवशी अंगाला तेल नको, लोशन नको, नारळाचं तेल लावलेल्या केसांवरून हात फिरवून तोच हात पोलला नको. आदल्या रात्री लावलेलं बॉडी लोशनसुद्धा दुसऱ्या दिवशी घाम आला की बाहेर येतं. बांगड्या, अंगठ्या, पैंजण, जोडवी, घड्याळ काढून ठेवायचं. मंगळसूत्रावरून काही जणी अडतात. मी माझं एका छोट्या डबीत घालून पर्समध्ये ठेवते. गळ्यात काही अडकून अंगाचा भार त्यावर आला तर काय होईल, याचा विचार एकदा करा. अंगठी पोल ओरबाडते आणि तिच्याखालचं बोटही सोलते. जेवण दोन तास आधी, हलकं. मी निघताना एक केळं खाते. मिसळ तासानंतर.

पोलची ओळख

पोल दोन तऱ्हांनी वापरतात. स्थिर असला तर तुम्ही त्याच्याभोवती फिरता. स्पिनवर टाकला तर आत बेअरिंग असतं आणि पोल तुम्हाला घेऊन फिरतो. नवख्यांनी पहिले तीन-चार महिने स्थिर पोलवरच राहावं असं माझं मत आहे. स्पिनवर हातपाय अंगाजवळ घेतले की वेग वाढतो, पसरले की कमी होतो. घाबरलेला माणूस नेमका अंग आवळून घेतो आणि आणखी जोरात फिरायला लागतो. चक्कर यायला लागली की पाय लांब करायचे.

जाडी बहुतेक ठिकाणी 45 मिलिमीटर असते, काही जुने पोल 50 चे. हात लहान असेल तर 45 बरा. क्रोमचे पोल सगळीकडे दिसतात. पितळ घामट हवेत जास्त चांगलं धरतं. खोटे दागिने घातल्यावर ज्यांना खाज सुटते त्यांना निकेलचा त्रास असू शकतो, त्यांनी स्टेनलेस स्टीलचा पोल मागावा.

दर वेळी हात लावण्याआधी पोल पुसायचा. स्पिरिट आणि मायक्रोफायबरचा कपडा, वर हात पोचेल तिथपासून गुडघ्यापर्यंत. दुसरीने सोडलेला पोल तर पुसल्याशिवाय धरूच नका. हाताला पातळ खडू मिळतो, बाटलीतला, तो चोळून पूर्ण वाळू द्यायचा. पण पहिल्या दिवसापासून खडूची सवय नको. तुमची पकड कुठे कमी पडते ते त्याने झाकलं जातं.

पहिला महिना

पहिल्या तासाला मी सात सेकंद लटकले. तीन महिन्यांनी चाळीस. लटकताना खांदा कानाकडे चढू द्यायचा नाही, हीच पहिली आणि सगळ्यात मोठी शिकवण. माझ्या भाषेत सांगायचं तर बाहीचा मुंढा आपल्या जागेवर बसला पाहिजे, वर ओढला जाता कामा नये. पाठीची पाती खाली ओढून धरा, मग हात ताणा. सैल खांद्याने गिरकी घेतलीत तर सगळा झटका सांध्याला बसतो.

मग पोलभोवती चालणं. हसू नका, पहिले दोन तास आम्ही चाललोच. आतला हात वर, अंग पोलपासून लांब टाकून, चवड्यांवर. याने हाताला भार सवयीचा होतो.

पहिली गिरकी बहुतेक ठिकाणी फायरमन स्पिन असते. पोल उजवीकडे घेऊन उभं राहायचं. उजवा हात वर, डावा छातीच्या उंचीला, दोन्हींची पकड बॅट धरतो तशी. उजवं पाऊल पोलच्या बाजूने पुढे टाका, डावा पाय बाहेरून मोठा गोल घेत पुढे येऊ द्या, त्या ओढीने चवड्यावरून किंचित उचला आणि दोन्ही गुडघे पोलवर मिटा. खालच्या हाताने पोलला थोडं ढकलायचं, म्हणजे छाती त्यावर आदळत नाही. चुकतं कुठे? सगळ्या जणी आधी उडी मारतात आणि मग पाय फिरवतात. गिरकी पायाच्या गोलातून येते, उडीतून नाही. आमच्या वाशीच्या मॅडमनी मला तीस वेळा नुसता पाय फिरवायला लावला, उडी न मारता, आणि एकतिसाव्या वेळी मी न ठरवताच उचलली गेले. छत गोल फिरलं, आरशातली मी दोनदा डोळ्यांसमोरून गेले आणि पाय जमिनीला लागले. ट्रेनमध्ये ऐरोली येईपर्यंत माझे तळहात गरम होते.

तळहाताला घट्टे पडतात. ते ब्लेडने कापू नका, आंघोळीनंतर दगडाने हलके घासा. फाटलेल्या घट्ट्याने मला सुई धरता येईना, तेव्हा हे शिकले.

चढणं म्हणजे उतरणं

एका पायाची नडगी पोलला तिरकी लावायची, घोटा एका बाजूला आणि गुडघा दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या पायाची पोटरी पलीकडून दाबायची. नडगी आणि पोटरी यांच्या चिमट्यात पोल आला की पाय ताठ करत उभं राहायचं, हात वर सरकवायचे, मग पुन्हा गुडघे वर ओढून नवा चिमटा. चढण्याचं एवढंच गणित आहे आणि महिना-दीड महिन्यात ते येतं.

गडबड वर पोचल्यावर होते. हात दमलेले असतात, तळहात ओले झालेले असतात, खाली बघितलं की पोटात गोळा येतो, आणि मग माणूस एकच करतो: पाय सैल सोडून घसरतो. उघड्या मांडीची कातडी धातूवर तीन-चार फूट घासत आली तर ती भाजते. खरी भाजते, फोड येतो. त्याहून वाईट म्हणजे घसरताना वेग हातात राहत नाही आणि घोटा मुरगळतो.

उतरताना घसरायचं नाही, पायऱ्या उतरायच्या. पायांचा चिमटा घट्ट ठेवून आधी हात खाली आणा, एकाखाली एक, छातीच्या उंचीपर्यंत. आता भार हातांवर घ्या, कोपरं वाकलेलीच ठेवून, आणि मगच पाय सैल करून फूटभर खाली न्या. पुन्हा चिमटा. पुन्हा हात. भार एका वेळी एकाच जागी, आणि दुसरी जागा पक्की झाल्याशिवाय पहिली सोडायची नाही. शेवटी चवडे आधी, मग टाच, गुडघे मऊ.

मी स्वतःला घालून घेतलेला नियम सांगते. पहिल्या दिवशी एकच टप्पा चढायचं, म्हणजे पाय जमिनीपासून दोन फुटांवर, आणि उतरायचं. दहा वेळा. न घसरता दहा वेळा उतरता आलं तरच पुढच्या तासाला दुसरा टप्पा. छताला हात लागायला मला साडेचार महिने लागले. माझ्याबरोबर सुरू केलेल्या दोघी सहा आठवड्यांत पोचल्या होत्या. त्यातली एक आता येत नाही, तिचा घोटा गेला.

अण्णांना मी व्हिडिओ पाठवला तेव्हा त्यांनी चढण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. "पावलं वाजली," एवढंच म्हणाले. मल्लखांबावरून उतरतानाची उडीसुद्धा कसरतीतच धरतात, खेळाडू कसा उतरला ते तिथे बघतात. तेव्हापासून मी कान देऊन उतरते.

कातडी, डाग आणि दुखणं

पोल सिट म्हणजे वर चढून दोन मांड्यांच्या मधे पोल धरून, पाय एकमेकांवर टाकून, हात सोडून बसणं. पहिल्यांदा ते इतकं दुखतं की डोळ्यांत पाणी येतं. इथे पोल जिथे टेकतो ती कातडी फार नाजूक असते. एक युक्ती: बसण्याआधी हाताने मांडीचं मांस थोडं मागे ओढून घ्या आणि मग आवळा, म्हणजे कातडी चिमटत नाही. सैल धरलं तर जास्त दुखतं, घट्ट धरलं तर कमी. तीन-चार आठवडे नियमाने केलंत की त्या जागची कातडी सरावते.

मांडीच्या आत, नडगीवर, पावलाच्या वरच्या बाजूला, गुडघ्याच्या मागे निळे डाग पडतील. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना भलतीच शंका येते. पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून लावा. दोन आठवड्यांत डाग गेला नाही किंवा न आपटता डाग यायला लागले तर डॉक्टरकडे जा. कातडीची आग आणि स्नायूंचं ठणकणं ही दुखणी चालतील. सांध्याच्या आत टोचल्यासारखं, कोपराच्या आतल्या हाडाशी, मनगटात, किंवा बोटांना मुंग्या आल्या, की तिथल्या तिथे खाली यायचं. त्या दिवशीचे पैसे गेले तरी चालतील.

क्लासच्या दोन तासांमध्ये किमान दोन दिवसांचं अंतर ठेवा. आणि प्रत्येक गोष्ट डाव्या बाजूनेही करा. मी वर्षभर टाळलं, कारण डावीकडून सगळं पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं. मग आरशात मला माझ्या एका खांद्याची उंची वेगळी दिसली; माप घेणाऱ्या बाईला ते लगेच दिसतं. आता वाईट बाजू आधी करते, ताजी असताना.

पावसाळ्यात धीर धरा. जुलैमध्ये खाडीवरची हवा इतकी दमट असते, की पोल पुसेपर्यंत पुन्हा ओला होतो. काल जमलेलं आज जमत नाही. त्यात तुमचा दोष नाही. त्या दिवसांत मी उंच चढत नाही. जमिनीजवळची ताकद करते, गिरक्या करते, आणि दोन टॉवेल नेते, एक पोलचा आणि एक माझा. डिसेंबरातल्या सकाळी उलट होतं. पोल थंडगार असतो आणि कोरडी कातडी धरत नाही. मग आधी दोन्ही हातांनी पोल चोळून गरम करायचा.

उलटं होण्याची घाई नको. आधाराशिवाय, झोका न घेता, जमिनीवरून दोन्ही गुडघे छातीपर्यंत उचलून पाच सेकंद थांबता येतं का, आणि तितक्याच सावकाश खाली सोडता येतात का? सावकाश सोडता येत नसतील तर अजून वेळ आहे. मला चौदा महिने लागले. मॅडम एका बाजूला, गादी खाली, आणि वर जाण्याआधी त्यांनी मला तीनदा तोंडाने म्हणायला लावलं, की मी खाली कशी येणार आहे.

घरी पोल लावायचा असेल तर

वर्षभर थांबा. जमिनीला आणि छताला दाबून बसणारे पोल मिळतात, भोकं पाडावी लागत नाहीत. पण ते पीओपीच्या फॉल्स सीलिंगला टेकवून चालत नाहीत, वर आरसीसी स्लॅब किंवा तुळईच हवी. घोडबंदरच्या नव्या टॉवरांमध्ये हॉलभर फॉल्स सीलिंग असतं, तिथे आधी ते कापून वर काय आहे ते बघावं लागेल. आमची इमारत जुनी आहे, म्हणून मी सोसायटीच्या ओळखीच्या इंजिनिअरना स्लॅब दाखवून घेतला. गळती असलेल्या किंवा सळई दिसणाऱ्या छताला पोल लावूच नका. खेळण्यातल्यासारखे स्वस्त पोल अंगाचा भार घ्यायला बनवलेलेच नसतात. पोल जिथे येणार तिथे उभं राहून चारी दिशांना पाय पूर्ण पसरून बघा. माझ्याकडे त्यासाठी कटिंगचं टेबल हलवावं लागलं. पोल ताठ उभा आहे का ते लेव्हलने दोन बाजूंनी तपासा, आणि दर वेळी चढण्याआधी हिसडा देऊन बघा. एकट्या असताना उलटं काही करू नका. मी मुलगी घरात असेल तेव्हाच करते.

पोल बसवला त्या दिवशी मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन सांगून आले, की वर आवाज झाला तर सांगा. आता आठ महिने होतील. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, सुरू कधी करणार म्हणून. मी त्याच संध्याकाळी अण्णांना फोन केला.